चौसष्ट डबे आणि एक इंच

ता. ४ जानेवारी

आधी तक्रार, मग आशीर्वाद. तीन महिन्यांनी पत्र आलं, तेही चार पानांचं, आणि त्यातली साडेतीन पानं चहाच्या डब्यांवर! उरलेल्या अर्ध्या पानात तू, तुझी आई आणि ते मांजर असे सगळे कोंबलेस, आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘बाबा बरे आहेत’. अकरा वर्षं हेच तीन शब्द वाचतेय. तुझ्या बापाला दोन हात आहेत. मीच दिलेत, दिले तेव्हा दोन्ही शाबूत होते. आपण बरे आहोत एवढं त्याला स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही?

असो. चि. खारूताईला आजीचा आशीर्वाद. एकच आहे, पुरवून वापर.

चौसष्ट डबे म्हणजे काय गं? लहानपणी उशीखाली पेन्सिलींचे तुकडे जमवायचीस म्हणून तुला खारूताई म्हणायला लागलो. मला वाटलं मोठी होशील, सुधारशील. आता तू लिहितेस की एका चहाला धुराचा वास येतो, एकाला फुलांचा, आणि एक विटेसारखा घट्ट दाबलेला आहे, तो सुरीने फोडावा लागतो. चहा करायला आधी फोडाफोडी करायची असेल तर तो चहा कसला, ते खाणकाम झालं. माझा चहा एका डब्यात राहतो. लाल होईपर्यंत उकळते, दूध घालते, पिते, कामाला लागते. मागच्या वर्षी तू तो भारी डबा पाठवलास, त्यातला चहा मी शेजारच्या शिलाईवालीला देऊन टाकला. ती म्हणाली गवत उकळल्यासारखा लागतो. डबा मात्र चांगला निघाला. त्यात बटणं ठेवलीत.

पण एक गोष्ट वाचून बरं वाटलं, ती कुणाला सांगू नको. डब्यांसाठी कपाट तू स्वतः करणार म्हणतेस. विकत आणणार नाहीस. सुताराची नात आहेस, तेवढं तरी उतरलं. तुझ्या आजोबांची हत्यारं ट्रंकेत आहेत, गंजू दिलेली नाहीत. काय करणार, कसं करणार, चित्र काढून पाठव. मी तिसरी शिकलेली असले तरी चाळीस वर्षं सुताराच्या घरात भुसा झाडलाय. चांगलं कपाट कुठलं आणि लाकडाचा खून कुठला, मला दारातून कळतं.

आणि सुतारकाम मला येत नाही असं समजू नको. हे पत्र ज्यावर लिहितेय ते स्वयंपाकघरातलं टेबल पूर्वी डुगडुगायचं. सुताराच्या घरातलं टेबल! सांगून सांगून जीभ झिजली, ह्यांना सवड नाही. शेवटी मीच पायाखाली पाचर ठोकली. दहाबारा वर्षं झाली, कप भरून ठेवला तरी थेंब सांडत नाही.

उत्तर लवकर दे. लोभ आहेच, पण तो पत्र घातल्याशिवाय वाढत नाही.

तुझी आजी


ता. १२ जानेवारी

ती. आजीस खारूताईचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि कान धरून माफी. दोन्ही एकदम करताना तोल गेला असं समज.

चौसष्ट डबे का, हे तू विचारलंस. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते. केसाएवढा फरक राहिला तर माणसाला पायरी दोनदा दिसते. संध्याकाळी घरी आले की मला अशी एक गोष्ट हवी असते जी मोजायची नसते, नुसती हुंगायची असते. ते चहा आहेत. झालं कारण. पटलं नाही तरी रागावू नको.

सध्या डबे माझ्या पलंगाखाली, आईच्या कपाटावर, खिडकीत आणि पावाच्या डब्यामागे आहेत. गेल्या आठवड्यात आई रात्रपाळी करून दवाखान्यातून आली, पेंगत होती, साखर समजून तिने धुरकट चहाच दुधात घातला. म्हणाली की आयुष्यभर पेशंटना औषधं पाजली त्याचा सूड हा. जळक्या स्वेटरचा वास दोन दिवस घरात होता. तिने मला मुदत दिली आहे. मार्च लागायच्या आत डब्यांना घर मिळालं नाही तर डबे जिन्यावरून खाली जातील, आणि लिफ्टने नाही.

तर कपाट असं. चहाला चार गोष्टी सोसत नाहीत: उजेड, ओल, ऊब आणि शेजाऱ्याचा वास. म्हणून नुसत्या फळ्या नकोत, प्रत्येक डब्याला स्वतंत्र घर हवं. सगळे डबे एकाच मापाचे आहेत, चार इंच रुंद आणि सहा इंच उंच. वर अर्धा इंच, बाजूला अर्धा इंच मोकळा सोडला की झालं. आठ रांगा, रांगेत आठ घरं. धुरकट मंडळी खालच्या कोपऱ्यात, फुलांची वरच्या, एकमेकांच्या तोंडाला तोंड लागायला नको. बाहेरून दोन दारं. चित्र सोबत आहे. त्यावरचा डाग चहाचाच आहे.

बाबांना विचारलं की मदत कराल का. मी करवत हा शब्द उच्चारला आणि ते मांजराला घेऊन गॅलरीत गेले. आजी, आमच्या मांजराला गॅलरीत नेण्याचं काहीएक कारण नसतं, ते स्वतः जातं. जाताना एवढंच म्हणाले की आजीला विचार, तिला सगळं येतं.

हे त्यांनी चांगल्या अर्थाने म्हटलं नाही, ते मला कळतं. तुमच्यात काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. मी दहा वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच की एका दुपारी सामान बांधलं गेलं आणि आम्ही गाव सोडलं. बाबा सुतार होते हेसुद्धा मी विसरत चालले आहे. पार्सल कचेरीत वजनकाट्यावर बसलेला माणूस एवढेच मला ते माहीत आहेत. तू सांगशील का?

बाबा बरे आहेत. (चिडू नको. सवयीने लिहिलं गेलं.)

लोभाला खतपाणी घालणारी,
खारूताई


ता. १९ जानेवारी

चि. खारूताईला आशीर्वाद, मागचा संपला असेल म्हणून नवा.

चित्र पाहिलं. शिलाईवालीला दाखवलं, ती म्हणाली कबुतरखाना आहे. मी म्हटलं माझ्या नातीचा कबुतरखाना आहे, नावं ठेवायची असतील तर तुझ्या घरी जाऊन ठेव. आता तुला खाजगीत सांगते, कबुतरखानाच आहे.

बसच्या कंडक्टरकडे पार्सल दिलंय. त्यात करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातोडी आहे. आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली ह्यांची मापाची काठी. ती सांभाळ. तीन फुटी आहे, काळ्या शिसवाची, दर इंचाला खाच आणि दर सहाव्या खाचेवर फुली. आकडे नाहीत. ह्यांना आकडे लागत नव्हते. टोकापासून एकेक खाच मोजत बसायचं नाही, डोळे फिरतात. पहिली फुली म्हणजे सहा. साडेसहा हवे तर फुलीच्या पुढे अर्धा, साडेचार हवे तर फुलीच्या मागे दीड. दुकानातली ती पोलादी गुंडाळी माप घ्यायला वापरलीस तर पार्सल परत मागवीन. चाळीस वर्षं अर्ध्या गावाची दारं ह्या काठीवर बसलीत.

ह्यांची रीत ऐक आणि तशीच कर. आधी आतली घरं करायची, मग भिंती. आतली जाळी तयार झाली की बाहेरची पेटी मापाने नाही, जाळीला टेकवून कापायची. दर घराला काठी नव्याने टोकापासून लावायची. आणि काम चालू असेतोवर एकही डबा त्या लाकडाजवळ न्यायचा नाही. भुसा आणि मेण ह्यांचा वास चहाला लागला तर मला दोष देशील. डबे ट्रंकेत भर, कुलूप लाव, किल्ली आईकडे दे.

आता तुझ्या बापाचं. विचारलंस म्हणून सांगते, मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

ह्यांची त्या वर्षी कंबर धरली. दोन महिने पलंगावर. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं मोठं कपाट करायचं होतं, ते तुझ्या बापाने एकट्याने अंगावर घेतलं. पहिलंच मोठं काम. सात इंची बाटल्या ठेवायच्या, साडेसात इंचांवर फळ्या हव्यात, असं औषधवाल्याने दहादा सांगितलं होतं. कपाट झालं सुरेख. पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. नेलं, लावलं, आणि बाटल्या आत जाईनात. एक इंच कमी! औषधवाला कपाट हातगाडीवर घालून परत घेऊन आला आणि पलंगाशी उभा राहिला. हे म्हणाले की पोराच्या हाताला माप नाही. औषधवाल्यासमोर म्हणाले, ते चुकलं असेल. मग मी एक वाक्य बोलले. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाने डोळे मिटून केलं असतं तरी याहून बरं झालं असतं. एवढंच. त्याने करवत खाली ठेवली, चार दिवसांनी घर सोडलं, आणि नोकरी शोधली तीही अशी की जिथे माप यंत्र करतं.

ह्यांनी बरं वाटल्यावर काठी खिळ्याला टांगली. म्हणाले तो येईल तेव्हा तोच काढेल. पुढे किरकोळ कामं केली ती गुंडाळीवर, काठीला हात लावला नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा तुझा बाप आला होता, संध्याकाळच्या बसने गेला. काठीकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. शेवटी आत्ता मीच ती खिळ्यावरून काढली.

त्याला लहानपणी आम्ही ठोकळ्या म्हणायचो. गोल, जड, आणि जिथे ठेवू तिथे बसणारा. तसाच राहिलाय. त्याने एक ओळ लिहावी एवढंच माझं म्हणणं आहे. मी बरी आहे का, असं विचारलं तरी चालेल. मी मरायच्या आत विचारलं तर उत्तरही देईन.

लोभ करायचा तर कर, नाहीतर निदान काठी सांभाळ.

आजी


ता. १० फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार. पायांवर डोकं ठेवलं असतं, पण केसांत भुसा आहे.

पार्सल पोचलं. कंडक्टरने आईला विचारलं की आत कुणाचे हातपाय आहेत का, वजन तेवढं आहे.

पहिल्या फळ्या मी साबणाच्या कारखान्यातून आणल्या. खोकी मोडून देतात, लाकूड सरळ आणि कोरडं. तीन दिवस खपून सगळ्या रंधल्या. चौथ्या दिवशी शिंकताना कळलं की लाकडाला गुलाबी साबणाचा वास आहे आणि तो रंधल्याने जात नाही, उलट ताजा होतो. आईला तो आवडला. तिने त्या फळ्या न्हाणीघरात लावून घेतल्या. मग शाळेची जुनी बाकं विकायला निघाली होती ती आणली. त्यांना कसलाच वास नाही. एका फळीवर कोरलंय की सर फार मारतात. ती बाजू आतून घेतली आहे.

तुझ्या सगळ्या आज्ञा पाळते आहे. आधी घरं, मग भिंती. डबे ट्रंकेत, किल्ली आईच्या दवाखान्याच्या कोटात. माप काठीनेच, फुलीपासून मागे दीड, पुढे अर्धा. दर घराला काठी नव्याने टोकापासून लावते. चौसष्ट घरं म्हणजे काठी किती वेळा उचलून ठेवली ते विचारू नको. रात्री स्वप्नात मी फुल्या बघते.

बाबांचं ऐक. मी करवत चालवायला लागले की ते गॅलरीत जातात हे खरं, पण दार पूर्वी लावून घ्यायचे, आता उघडं असतं. माझी करवत वाकडी चालली की गॅलरीतून खोकला येतो. सरळ चालली की येत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना खरंच सर्दी झाली, मी काढा करून दिला. त्यांनी निमूटपणे प्यायला. आता मी खोकल्यावर काम करते. एक खोकला म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे थांब, हात कापशील.

आणि परवा दुकानातून आले तर करवत लोण्यासारखी चालायला लागली. दातांना कुणीतरी कानस मारली होती, एकेक दात. मी विचारलं तर बाबा म्हणाले की मांजराने केलं असेल. मांजर हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही.

काठी मात्र त्यांनी पाहिलेली नाही. काम झालं की मी ती चादरीत गुंडाळून माझ्या गादीखाली ठेवते. तू सांभाळ म्हणालीस ना.

तुझा लोभ भुशासारखा सगळीकडे पसरलेला असावा,
खारूताई


ता. १५ फेब्रुवारी

चि. खारूताईला आशीर्वाद. छोटंसं पत्र आहे, कारण शिलाईवाली बसलीय आणि ती वाकून वाचते.

करवतीच्या दातांचं दोनदा वाचलं. कानस कुठून आणली त्याने? मी पार्सलमध्ये घातली नव्हती. म्हणजे अकरा वर्षं घरात ठेवली होती. पार्सल कचेरीत माणसाला कानस कशाला लागते, ते मला सांग. त्याला विचारू मात्र नको. विचारलं की तो दार लावून घेईल. खोकू दे.

काढ्यात मध घाल. त्याला कडू जात नाही.

लोभ कमी पडला तर कळव.
आजी


ता. २ मार्च

ती. आजीस नमस्कार.

कपाट झालं. आधी चांगलं सांगते. सरळ उभं राहतं, दारं एका बोटाने उघडतात आणि बंद होताना कुरकुरत नाहीत. मेण लावून आठ दिवस वाळवलं. आईने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली की वाटलं होतं त्याहून कमी जागेत मावलं, बरं झालं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

काल रविवारी समारंभाने ट्रंक उघडली. पहिला डबा मी फुलांच्या चहाचा काढला, वरच्या कोपऱ्यातल्या घराशी नेला, आणि तो आत जाईना. वाटलं त्या घरात काही राहिलंय. दुसऱ्या घरात लावला. तिसऱ्या. आजी, चौसष्ट घरं आहेत आणि एकाही घरात एकही डबा जात नाही. आई इतकी हसली की खाली बसली. मग तिने एका घरात किल्ली ठेवली, एकात चष्मा, आणि मांजराने एकात पंजा घालून पाहिला. पंजा मावला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं किती कमी आहे. मी म्हटलं एक इंच, सगळीकडे बरोबर एक इंच. त्यांचा चेहरा पाहून आईचं हसू थांबलं. त्यांनी विचारलं माप कशाने घेतलंस. मी गादीखालून काठी काढून दिली.

त्यांनी ती हातात घेतली तेव्हा मला वाटलं फेकतात. त्यांनी ती जमिनीवर ठेवून माझी दुकानातली पोलादी पट्टी शेजारी लावली. एका टोकापासून फुलीपर्यंत सहा. दुसऱ्या टोकापासून फुलीपर्यंत पाच. मी नेमकं ते दुसरं टोक धरून सगळं कापलं, कारण त्याच टोकाला आजोबांच्या अंगठ्याने घासून लाकूड गुळगुळीत झालंय, तिथेच हात जातो. टोक मात्र कापलेलं आहे. तिरकं, खडबडीत. बाबा म्हणाले की ही करवत सुताराने चालवलेली नाही.

नंतर जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. ते म्हणाले की औषधवाल्याचं कपाट मी ह्याच काठीने केलं होतं. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं ही हातात धरली त्याला ती एक इंच तोकडी झाल्याचं कळलं नाही असं होणार नाही. माझ्या बाबांना माहीत होतं. माहीत असून ते चारचौघांत तसं बोलले. आता तिकडे जाण्याचं काही कारणच उरलं नाही.

म्हणजे ते यायचा विचार करत होते, आजी. मला ते त्याच वाक्यात कळलं.

काठी कुणी कापली? आजोबांनी कापली असेल तर तसं लिही, मी सोसेन. पण खरं तेच लिही. आईने मुदत वाढवली आहे, डब्यांबद्दल कुणी बोलत नाही. आज मी बाबा बरे आहेत असं लिहीत नाही, कारण ते बरे नाहीत.

तुझी
खारूताई


ता. ९ मार्च

हे पत्र खारूताईला नाही. खारूताई, तू फोडलं असशील, आता घडी घाल आणि बापाच्या हातात दे.

चि. ठोकळ्यास, आईचा आशीर्वाद. अकरा वर्षांचे साठलेत, एकदम देते, मोजून घे. अक्षर वाकडं येतंय ते म्हातारपणाने नाही. टेबल हलतंय. का हलतंय तेच सांगायला बसलेय.

पोरीचं पत्र मी चहा पिताना वाचलं. कापलेलं टोक, तिरकं, सुताराने न कापलेलं, इथवर आले. मी पेला ठेवला आणि टेबलाखाली गेले. सत्तर वर्षांच्या बाईने टेबलाखाली जाऊ नये. गेले ते गेलेच, उठता येईना. शिलाईवाली कात्री घेऊन धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी म्हटलं मी बरी आहे, मला टॉर्च दे. पाचर हातोडीने काढली. एक इंचाचा तुकडा. काळं शिसव. सोबत पाठवलाय, काठीला लावून बघ.

मी कापली. तुझ्या बापाने नाही. हे पलंगावर, तू बाहेर पट्ट्या रंधत होतास, टेबल डुगडुगून चहा ह्यांच्या औषधावर सांडला. कोपऱ्यात एक काठी उभी होती. सुताराच्या घरात काठ्यांना तोटा नाही, मी बघितलंसुद्धा नाही कोणती. भाकऱ्या भाजता भाजता करवत मारली, पाचर ठोकली, काठी होती तिथे ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही, कारण पाचर ठोकली ही काय सांगायची गोष्ट? चार दिवसांनी तू तीच उचललीस.

ह्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या माणसाने मला घराबाहेर काढलं असतं आणि तुला आत घेतलं असतं. तू गेल्यावर काठी खिळ्याला टांगली ती मरेपर्यंत हातात धरली नाही. तूच ती काढशील, एवढं एकच धरून बसले होते. त्यांना नाव ठेवू नको. ठेवायचं तर मला ठेव. तुझ्या हाताला माप होतं. माप टेबलाच्या पायाखाली गेलं होतं, आणि वर मीच तोंड उघडून डोळे मिटायच्या गोष्टी करत होते. डोळे माझे मिटलेले होते. ते वाक्य मी परत घेते. एकदाच लिहीन, पुन्हा लिहायला लावू नको.

आता कामाचं.

औषधवाल्याने परत केलेलं कपाट इथेच आहे, मधल्या खोलीत. अकरा वर्षं त्यात मी चमचासुद्धा ठेवलेला नाही. का नाही ठेवला ते विचारायचं नाही. म्हणून त्याला कांद्याचा नाही, लसणाचा नाही, औषधाचा नाही, कसलाच वास नाही. पत्र वाचून झाल्यावर मी बटणांचा डबा रिकामा केला. पोरीने मागच्या वर्षी पाठवलेला, तिच्या सगळ्या डब्यांसारखाच, चार बाय सहा. तुझ्या कपाटाच्या फळीवर ठेवला. ठोकळ्या, तो आत गेला. वर बोटभर जागा उरली. नेमकी अर्धा इंच, चहाला लागते तेवढी. सात इंची बाटली जात नाही ते कपाट सहा इंची डब्याला असं बसलं की मुद्दाम कापून करावं.

मग शिलाईवालीच्या खडूने खुणा करत तो एकच डबा पुढे पुढे सरकवला. एका फळीवर तेरा. फळ्या पाच. पासष्ट झाले. पोरीचे चौसष्ट, एक जागा माझ्या लाल चहाची. ती मी सोडणार नाही. दारं आहेत, उजेड जात नाही. पॉलिश अजून तसंच, तोंड दिसतं. काल मी माझं पाहिलं, आवडलं नाही, बंद केलं.

पोरीचा कबुतरखाना मोडायचा नाही. शिलाईवाली मागतेय, तिला चौसष्ट रंगांची रिळं ठेवायचीत, ती बरोबर मावतात, मी रीळ मोजून घेतलंय. आधी नावं ठेवली होती, आता रोज येऊन विचारते कधी येणार. सर फार मारतात ती फळी तिला वाचायला मिळेल.

मोठं कपाट जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक असा हवा की ज्याने ते जोडलंय, कारण खिळे कुठे आहेत ते त्यालाच माहीत. गाडी तू ठरव. येताना काठी आण. तो इंच परत जोडता येतो का बघ. जोडता आला नाही तरी काठी खिळ्यावर तुझ्याच हाताने टांग. आणि टेबलाचा पाय नीट करून दे, पाचर नको, पाय. मला आता पाचरीवर भरवसा नाही.

खारूताईला सांग की तिला नवा आशीर्वाद मिळेल, पण नंतर. सूनबाईला सांग की डब्यांना घर मिळालं, जिना वाचला.

लोभ मी इतकी वर्षं ठेवलाय, रिकामा ठेवला होता त्या कपाटासारखाच. आता त्याचं उत्तर हवं. ते खारूताईने लिहायचं नाही, तिच्या आईने लिहायचं नाही, मांजराने तर नाहीच. बाबा बरे आहेत हे आलं तर पाकीट न फोडता परत पाठवीन. तू बस, तुझ्या हाताने लिही, बरा आहेस की नाही ते.

आई